ऊन सरकलं की अंगणवाडी सरकते

अंगणवाडीत रजिस्टरं पुष्कळ. वजनाचं वेगळं, हजेरीचं वेगळं, खाऊचं, लसीकरणाचं, गृहभेटीचं. अर्धं कागदावर भरायचं, अर्धं मोबाइलमध्ये. पण एक लेकरू सकाळी दोन्ही पायांत डाव्या पायाचेच बूट घालून आलं आणि दिवसभर थोडं थोडं उजवीकडे भरकटत राहिलं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कोणी सांगत नाही!

मग हे सगळं माझ्यापाशीच साठत जातं. महिन्याच्या मीटिंगला आम्ही सेविका मालेगावला जमतो. साहेब यायच्या आधीचा अर्धा तास आमचा असतो. "सुनंदाताई, उघड तुझं न लिहिलेलं रजिस्टर," असं कोणी म्हटलं की मी सुरू होते.

हे किस्से त्यातलेच, एका हिवाळ्यातले. त्या हिवाळ्यात आमची अंगणवाडी उघड्यावर भरत होती.

*

दिवाळीनंतरच्या सोमवारी कुलूप उघडलं, तर छताचं प्लास्टर खाली. बरोबर तिथंच, जिथं लेकरं गोल करून बसतात. रविवारी पडलं म्हणून बरं.

कौसाबाई माझ्या मागंच उभी होती. कौसाबाई म्हणजे आमची मदतनीस. अंगणवाडीची चूल तिची, झाडू तिचा आणि आवाजही तिचाच. मी हळू बोलते. तिनं आत जाऊन प्लास्टरचा एक मोठा तुकडा उचलला, हातावर जोखला आणि परत होता तिथं ठेवला. तिला एवढी गप्प मी कधीच पाहिली नव्हती.

खोली वापरायची नाही, दुरुस्ती होईपर्यंत दुसरी जागा बघा, असा निरोप आला. सरपंच स्वतः जागा दाखवायला आले. मोठ्या हौसेनं निंबाच्या झाडाखाली उभे राहिले.

"हे पाहा म्याडम. मस्त गार सावली!"

कौसाबाईला तिथं वाचा फुटली. "थंडीत सावली कायले, सरपंचभाऊ? आमाले ऊन द्या!"

"ऊन कुठून देऊ, बाई? ते काय माह्या हातात हाय?"

"मंग सरपंच कायले झाले?"

*

ऊन आमचं आम्हीच शोधलं.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची भिंत उगवतीकडे तोंड करून आहे. साडेनऊला तिच्यावर असं ऊन पडतं की पाठ टेकली तर कोणी मागून मांडीवर घेतल्यासारखं वाटावं. तिथं लेकरांना बसायला टाटपट्टी टाकायची. बारानंतर भिंतीची सावली पुढं यायला लागली की टाटपट्टी उचलून समोरच्या खळ्यावर. तिथं सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, ढीग होता. आतून ऊबदार, बाहेरून खरखरीत. लेकरं त्यात कमरेपर्यंत रुतून बसायची आणि मी गोष्ट सांगायची. गोष्टीतला वाघसुद्धा त्या उन्हात हळू चालायचा.

सावलीवर लक्ष ठेवायचं काम सम्यकचं. साडेचार वर्षांचा, पण अंगात पोलीसपाटील. सावली टाटपट्टीच्या काठाला शिवली रे शिवली, की हा उठून ओरडणार, "ऊन सरकलं!" आणि सगळी लेकरं मिळेल तो कोपरा धरून टाटपट्टी ओढायला लागणार.

एक आई उशिरा पोरीला घेऊन आली. भिंतीपाशी कोणी नाही. खळ्याच्या कडेला कौसाबाई भांडी घासत होती.

"कौसामाय, आज अंगणवाडी कुठी हाय व?"

कौसाबाईनं मान वर केली नाही. "वर पाहा, अन् ऊन जिकडं जाऊन राह्यलं तिकडं जाय."

*

पहिली खरी थंडी पडली त्या सकाळची गोष्ट. तुरीवर दव, टाटपट्टीवर दव, कौसाबाईच्या केसांवर दव. लेकरं कानटोप्यांत अशी गुंडाळलेली की नुसती नाकं हजर होती.

साडेतीन वर्षांची गुड्डी आली, मला काही सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तोंडातून वाफ निघाली. ती थबकली. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा वाफ! तिनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काय झालं गं?"

बोटांच्या फटीतून आवाज आला, "म्याडम, माह्या पोटात आग लागली!"

मी समजावलं. थंडीत सगळ्यांच्याच तोंडातून वाफ निघते, हे बघ माझ्याही निघते. पण माझ्या पोटातही आग लागलेली बघून ती जास्तच रडायला लागली. शेवटी कौसाबाईनं तिला कडेवर घेतलं.

"आग नाही लागली व माय. चूल पेटली. आतमंदी खिचडी शिजून राह्यली तुही."

हे पटलं. गुड्डी शांत झाली. सकाळभर ती सगळ्यांना आपला धूर दाखवत फिरली. ज्याचा जास्त धूर त्याची खिचडी जास्त, असं लेकरांनी आपसांत ठरवूनही टाकलं.

अकराच्या सुमाराला ऊन तापलं. गुड्डी पुन्हा माझ्याकडे आली. ओठ थरथरत होते. तिनं तोंड मोठं उघडून दाखवलं. आत काही नाही, बाहेर काही नाही.

"म्याडम, माही चूल इझली!"

कौसाबाई लांबूनच ओरडली, "मंग शिजली न! ये जेवाले!"

*

सकाळी लेकरं अर्धी झोपेतच असायची. काही तर अंगावरच्या गोधडीसकट यायची. त्यांना एकदम बडबडगीतं म्हणायला लावणं माझ्या जिवावर यायचं. म्हणून मी भिंतीपाशी पहिला तास स्वप्नांचा ठेवला. डोळे मिटून बसायचं, उन्हाकडे तोंड करायचं आणि रात्री काय दिसलं ते सांगायचं. पापण्यांच्या आत सगळं लालसर, गरम. लेकरं बोलायची तेव्हा ती आठवून सांगतात की अजून बघत आहेत, ते मला कळायचं नाही.

एकदा गुड्डी म्हणाली, "माह्या सपनात तुमी आल्त्या, म्याडम."

"हो का? मी काय करत होते?"

"झोपल्या होत्या."

सम्यकला राहवेना. डोळे मिटूनच म्हणाला, "मी बी व्हतो त्या सपनात!"

"नाही. तू गैरहजर व्हता."

*

उघड्यावर अंगणवाडी म्हटल्यावर भांडणं आली. सगळ्यात मोठं भांडण यमुनाआजी घेऊन आली. गावातलं मोठं शेतकऱ्याचं घर तिचं. चौकातल्या मोठ्या ओट्यावर बसून ती गाव बघते. तिची पणती आरोही आमच्याकडे.

काठी आपटत आली. "काहून व सुनंदा, लेकरायले थंडीत बसोते? काही झालं तं कोण पाहीन?"

मी म्हटलं, "आजी, थोडं बसून बघा. थंडी वाजली तर आरोहीला घेऊन जा."

ती बसली नाही. काठीवर भार देऊन तासभर उभी राहिली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि लांब एका पोत्यावर बसली. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावरून वळून बघते तर विहाराच्या भिंतीला डोकं टेकवून आजी डोळे मिटून बसलेली. शेजारी माझी सासू. माझ्या सासूनं उभं आयुष्य यमुनाआजीशी बोलणं केलं ते तिच्या ओट्याच्या खाली उभं राहून. आता दोघी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत होत्या.

थोड्या वेळानं आजीचा मुलगा तिला शोधत आला. तिथं बसलेली बघून जरा गांगरला.

"माय, इथं काहून बसली? आपल्या ओट्यावर ऊन नाही काय?"

"हाय," आजीनं डोळे न उघडता सांगितलं. "पण सोबत नाही."

मग चप्पल काढून तोही टेकला.

हळूहळू गावातले बरेच म्हातारे यायला लागले. लेकरं टाटपट्टीवर, म्हातारे भिंतीला. एका सकाळी मी हजेरी घेत होते. "आरोही!" उत्तर नाही. "आरोही आली नाही का?"

भिंतीकडून खणखणीत आवाज आला.

"हजर! तिले खोकला झाला. मी आली न तिच्या जागी!"

*

वेदूचा किस्सा मात्र मी मीटिंगमध्ये सहसा सांगत नाही. 

वेदू चार वर्षांचा. बारीक. वजनाच्या तक्त्यात त्याचा ठिपका दर महिन्याला पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्यात पडायचा. त्याची आई रेखा रोज कामाला जाते. सकाळी चारला उठून भाकरी थापते, लेकराला भरवते, तरी ठिपका तिथंच. एकदा वजनाच्या दिवशी मी आकडा सांगितला आणि ती रांगेतच रडली. "आखीन काय खाऊ घालू म्याडम त्याले? मीच कमी पडून राह्यली काय?" मी तिचा हात धरला. वेदू खाली उभा राहून वर आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होता.

पुढच्या वजनाला कडाक्याची थंडी. स्वेटर, टोपी काढायला लावली, पँट राहू दिली. वेदू काट्यावर चढला. आकडा बघून मलाच खरं वाटेना. चांगलं वाढलं होतं! रेखानं पदर तोंडाला लावला. भिंतीपासल्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगत सांगत ती शेतात गेली.

वेदू काट्यावरून उतरला आणि दोन्ही हातांनी पँट धरून हळूहळू चालायला लागला.

कौसाबाईच्या नजरेतून काही सुटत नाही. "काहून रे वेद्या, पँट काहून धरून राह्यला?"

तो थांबला. कौसाबाईनं खिशात हात घातला. एका खिशातून खळ्यावरचे गोटे निघाले. दुसऱ्यातून आणखी गोटे आणि ट्रॅक्टरचा एक जाडजूड नट.

मी त्याच्यापुढं गुडघ्यावर बसले. रागवायचं म्हणून बसले होते. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "माय रडते न, म्याडम."

कौसाबाई उठून चुलीकडे गेली. बराच वेळ पाठमोरी उभी राहून ती पातेल्यात डाव फिरवत होती. पातेलं रिकामं होतं.

संध्याकाळी मी रेखाकडे गेले आणि खरं ते सांगितलं. रेखा आधी हसली, मग तिनं वेदूला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. दोघींनी ठरवलं, आता त्याच्यासमोर वजनावरून कोणी रडायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला मेडशीच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. जंताचं औषध झालं. आणि कौसाबाईनं त्याला रोज आपल्याजवळ बसवून लापशीची दुसरी वाटी द्यायला सुरुवात केली. उन्हात बसून दोघं सावकाश जेवायचे, कुठं जायचंच नाही असे.

पुढच्या वजनाला ठिपका हिरव्यात गेला. मी विश्वास ठेवायला तयार नव्हते. दोन्ही खिसे उलटे करून बघितले. रिकामे.

"वेदू, आणखी कुठं काही लपवलं आहेस का?"

त्यानं मान हलवली. पण बोलला नाही.

"तोंड उघड."

तोंड उघडलं. आत एक बोर!

*

पौषात आमच्या सुपरवायझर मॅडम न सांगता आल्या. उघड्यावरच्या आमच्या अंगणवाडीबद्दल वर काहीतरी गेलं होतं. लेकरं शेजारच्या गावच्या केंद्राला जोडावीत, असं चाललं होतं. शेजारचं गाव नाल्यापलीकडे. तीन वर्षांचं लेकरू तिथं रोज कोण नेणार? जोडणं म्हणजे बंदच. हे मला माहीत होतं, म्हणून त्यांची स्कूटी दिसल्यावर मी घाईघाईनं लेकरांच्या कानटोप्या सरळ केल्या.

मॅडम उतरल्या तेव्हा त्यांना हँडल सोडता येईना. मालेगावहून थंडी कापत आल्या होत्या, हातमोजे नाहीत, बोटं आखडलेली. त्यांनी कडक आवाजात "रजिस्टर दाखवा" म्हटलं, पण दात वाजत असल्यामुळे ते "र-र-रजिस्टर" असं आलं.

गुड्डीनं त्यांचा हात धरला आणि टाटपट्टीवर आणून बसवलं. पाठीमागं कुटाराचं पोतं होतं. दोन लेकरं त्यांचे तळहात चोळायला लागली. सम्यकनं आपली कानटोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती बसणार नव्हतीच, नुसती वर टेकली. मी रजिस्टरं आणायला गेले. परत येते तर मॅडमचे डोळे मिटलेले, मान पोत्यावर, तोंडावर ऊन.

"झोपल्या," गुड्डी कुजबुजली.

उठवायचा धीर मला झाला नाही. लेकरांना मी ओठांवर बोट ठेवून दाखवलं. सगळी चवड्यांवर चालायला लागली. भिंतीपासले म्हातारेसुद्धा तोंड दाबून खोकत होते. असा तास गेला, मग दुसरा. त्या बाईला किती दिवसांची झोप बाकी होती कोण जाणे.

बारा वाजले. भिंतीची सावली पुढं आली आणि मॅडमच्या खांद्याला शिवली. सम्यकनं माझ्याकडे बघितलं. त्याची घालमेल मला दिसत होती. शेवटी तो ओरडलाच, पण कुजबुजत, "ऊन सरकलं!"

लेकरांनी कोपरे धरले. पुढची दोन टोकं कौसाबाईनं धरली. यमुनाआजीचा मुलगाही उठला. मॅडमसकट, पोत्यासकट, इंच इंच करत टाटपट्टी उन्हात आली. जमीन सारवलेली, गुळगुळीत. पापणीसुद्धा हलली नाही.

एकच्या सुमाराला त्या दचकून उठल्या. डोक्यावरची टोपी चाचपली. मागं वळून बघितलं.

"मघाशी ही भिंत... जवळ होती ना?"

कौसाबाई गंभीरपणे म्हणाली, "सरकली असंन, म्याडम. थंडीत सरकते ते."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, लेकरांकडे बघितलं. लेकरं अजून चवड्यांवर. मग त्यांनी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं. त्यांची स्कूटी नजरेआड झाल्यावर मी उघडून वाचलं. "अचानक भेट दिली. मुले शांत व निरोगी आढळली. वातावरण उबदार आहे. आहे तिथेच चालू ठेवावे."

*

संक्रांतीनंतर दोन दिवस अवेळी पाऊस झाला आणि तिसऱ्या सकाळी धुकं आलं. आमच्याकडे असं धुकं क्वचित. विहार नाही, खळं नाही, गाव नाही. पुढं धरलेला आपलाच हात दुसऱ्या कोणाचा वाटावा असं.

सातच लेकरं आली. मला भीती वेगळीच. खळ्याच्या पलीकडून डांबरी रस्ता जातो. एखादं लेकरू धुक्यात चालत सुटलं तर दिसणारही नाही. म्हणून मी सातही जणांना भिंतीला रांगेनं बसवलं, एकमेकांचे हात धरायला लावले आणि खेळ लावला. तोंड बंद, कान उघडे. मी सांगेपर्यंत कोणी एक अक्षर बोलायचं नाही. काय काय ऐकू येतं ते नंतर सांगायचं.

लेकरं एकदम गप्प झाली. निंबाच्या पानांवरून थेंब पडत होते. एक थेंब, मग बऱ्याच वेळानं दुसरा. कौसाबाई माझ्याजवळ उभी होती, तिच्या हातात पेटवायच्या काड्या तशाच राहिल्या. इतकं शांत मी माझ्या जन्मात ऐकलेलं नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

आणि एकाएकी रस्त्यावर ब्रेकचा लांबलचक आवाज झाला.

मी कौसाबाईला लेकरांपाशी उभं केलं आणि आवाजाच्या दिशेनं धावले. मालेगावला जाणारी सकाळची एसटी रस्त्यात उभी होती. तिच्या पुढं दहा पावलांवर तुरीनं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, चाक पंक्चर झालेली, मागं ना दिवा ना काही. ट्रॉलीवर कामाच्या पाच बाया बसलेल्या. त्यातल्या दोघी आमच्याच लेकरांच्या आया. कोणी ओरडलंसुद्धा नव्हतं. ओरडायला वेळच मिळाला नव्हता.

ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा माणूस. मी त्याला हाताला धरून भिंतीपाशी आणलं, बसवलं. कौसाबाईनं चूल पेटवून चहा टाकला. त्यानं दोन घोट घेतले आणि रांगेनं बसलेल्या लेकरांकडे बघत राहिला.

"या लेकरायनं वाचोलं, म्याडम," तो म्हणाला. "मले काहीच दिसत नव्हतं. पोरायचं गाणं ऐकू आलं म्हणून म्या ब्रेक मारला. म्हटलं, शाळा आली असंन, पोट्टे रस्त्यावर असतीन."

मी कौसाबाईकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"कोणतं गाणं, दादा?"

"ते काही समजलं नाही. पण लय पोरं म्हणून राह्यली व्हती. पन्नास-साठ तरी असतीन." त्यानं कप खाली ठेवला, लेकरांपुढं हात जोडले आणि उठला.

ट्रॉली बाजूला घेतली गेली. बस निघाली. तिचा आवाज लांब लांब जात धुक्यात विरला आणि पुन्हा थेंब ऐकू यायला लागले. सातही लेकरं तशीच भिंतीला टेकून बसलेली होती, एकमेकांचे हात धरून.

सम्यकनं हळूच बोट वर केलं.

"म्याडम, आता बोलू काय?"